चौकटीत एकच चेहरा असावा

१

देवळीच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं, की कृषी केंद्राला लागून एक निळं शटर दिसतं. वरच्या पाटीवर 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असं लिहिलेलं आहे. पाटी प्रभाकररावांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती. सुरुवातीला अक्षरं ऐसपैस काढली, आणि जागा संपत आल्यावर 'मिळतील' कसंबसं कोपऱ्यात कोंबलं. लोक हसायचे. ते म्हणायचे, "मिळते न पण? मंग झालं."

दुकान नवरा-बायको मिळून चालवत. छाया बी.कॉम. झालेली, टायपिंगला हात चांगला. ती संगणकावर बसायची. जातीचा दाखला, पीक विमा, पेन्शन, पोरांचे प्रवेश, सरकार जे मागेल ते भरायची. प्रभाकररावांचं मुख्य काम कापड धरण्याचं. फॉर्मला फोटो लागतो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आणि दुकानाची भिंत आकाशी. तेव्हा स्टुलावर माणूस बसला, की प्रभाकरराव आपल्या वडिलांचं जुनं धोतर दुहेरी करून त्याच्या मागे दोन्ही हातांनी उंच धरायचे. स्वतः कापडाच्या आड. समोरून दिसायची ती वरच्या कडेवरची त्यांची बोटं तेवढी. आडून आवाज यायचा, "बंडूजी, तोंड मिटा. सरकारले दात नाई मोजाचे तुमचे." माणूस हसायचा, मग हसू आवरायचा, आणि तेवढ्यात छाया फोटो काढून मोकळी व्हायची.

श्रावणात प्रभाकरराव वर्ध्याहून प्रिंटरचा कागद आणायला निघाले. बस यायची होती म्हणून स्टँडवरच्या बाकावर टेकले. बस आली, लोक चढले, ते बसूनच राहिले.

दिवसकार्य उरकल्यावर छायाने शटर उघडलं. भिंतीत दोन खिळे ठोकले आणि धोतर त्यांना अडकवलं. कापड ताठ बसलं, हातात धरल्यापेक्षाही नीट. ते पाहून तिला का कोण जाणे, फार वाईट वाटलं.

२

दिवाळी उलटली, सकाळी शेकोट्या दिसू लागल्या, तेव्हाची गोष्ट. बंडूजी आले. नाल्याकाठी त्यांचा भाजीचा मळा. दुकानात येताना कधी रिकाम्या हातानं यायचे नाहीत. मेथीची जुडी टेबलावर ठेवून ते स्टुलावर बसले.

"काय निघालं आता?" छायाने विचारलं.

"तोंड दाखवाचं हाय म्हनते. आधी आंगठा झाला, मंग डोये झाले, आता तोंड. उद्या म्हनतीन, पाठ दाखवा."

चेहऱ्याची पडताळणी तशी साधी. संगणकाचा पडदा स्टुलाकडे वळवायचा. वरच्या कॅमेऱ्यात चेहरा आला, की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळी चौकट येते. मग सूचना येते, 'पापण्या मिटा.' माणसानं पापण्या मिटून उघडल्या, की चौकट हिरवी होते. समोर फोटो धरलेला नाही, जिवंत माणूस बसलेला आहे, एवढी सरकारची खात्री पटते.

बंडूजींच्या चेहऱ्याभोवती चौकट आली. पण हिरवी होईना. खाली तांबड्या अक्षरांत ओळ आली: 'चौकटीत एकच चेहरा असावा. कृपया इतरांनी बाजूला व्हावे.'

छायाने मान वळवून पाहिलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं. बाजूच्या भिंतीवर प्रभाकररावांचा हार घातलेला फोटो होता. कॅमेऱ्याच्या कडेला तो येत असणार. ती उठली आणि स्टुलावर बंडूजी बसलेले म्हणून टाचा उंचावूनच फोटो काढू लागली.

"नोका काढू न जी वैनी," बंडूजी कळवळले. "राहू द्या. पाहून राह्यले मले, बरोबर बसतो का नाई त."

"मशीनले नाई कळत, बंडूजी."

फोटो निघाला आणि दुसऱ्या खेपेला चौकट हिरवी झाली. फोटो तिने आतल्या खोलीत नेला आणि सासूच्या खाटेशेजारी फळीवर ठेवला.

सखूबाईंची नजर अधू झाली होती, पण तोंड शाबूत होतं. "दुकानातून काढलं त्याले?"

"मशीन त्याइले मोजते, आई."

"मंग मोजू दे न. घरात मानसं कमीच हायेत."

३

खरी अडचण छायाच्या स्वतःच्या फॉर्मात आली.

दुकान सरकारदरबारी 'सेवा केंद्र' होतं आणि त्याचा परवाना प्रभाकररावांच्या नावावर होता. तो पत्नीच्या नावावर करून घ्यावा, असं जिल्ह्याच्या कार्यालयाने कळवलं होतं. न केल्यास केंद्र बंद. बंद झालं, तर या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार, हा प्रश्न होताच. पण छायाला त्याहून जास्त टोचणारी गोष्ट वेगळी होती. सकाळी उठून जिथं जायचं, अशी तिला ही एकच जागा उरली होती.

मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, तिची गुणपत्रिका, सगळं तिने जोडलं. 'मयत केंद्रचालकाचे नाव' या रकान्यात तिने नवऱ्याचं नाव टाइप केलं. हजारो फॉर्मांत तिने ते नाव असंच बोटांनी लिहिलं होतं. तोंडानं मात्र एकदाही घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं तेवढंच, आणि उखाण्यातलं मोजत नाहीत.

शेवटची पायरी नव्या चालकाच्या चेहऱ्याची. ती केंद्रातल्या नोंदलेल्या संगणकावरूनच करायची, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, शुक्रवारपर्यंत. छायाने पडदा वळवला, पदर सारखा केला आणि लांब वायरचा माउस मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

पडद्यावर दोन चौकटी आल्या.

एक तिच्या चेहऱ्याभोवती. दुसरी तिच्या मागे, डावीकडे वर. लहानशी, पिवळी. तिच्या आत पांढरं कापड होतं आणि दुसरं काहीही नव्हतं.

'कृपया इतरांनी बाजूला व्हावे.'

ती उठली. कापडाला घड्या पडल्या होत्या. घड्यांच्या सावलीत यंत्राला नाक-डोळे दिसू शकतात, हे तिला पटलं. तिने धोतर काढून इस्त्री केलं, पुन्हा अडकवलं, पुन्हा बसली. दोन चौकटी. मग तिने घरातली नवी कोरी चादर आणून लावली. दोन चौकटी. कापड काढून बसली तेव्हा एकच चौकट आली, पण खाली दुसरी ओळ उमटली: 'पार्श्वभूमी पांढरी हवी.' भिंतीला चुन्याचा हात मारावा, तर थंडीत ती भिंत शुक्रवारपर्यंत वाळणं कठीण.

तिने धोतरच परत लावलं.

४

वर्ध्याहून धम्मदीप आला. संगणक दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं, प्रभाकररावांशी जुना घरोबा. अर्ध्या जिल्ह्यातली यंत्रं त्याच्या हाताखालून गेलेली. बोलायला मोकळा, कामाला पक्का.

"काही नाई वैनी, सॉफ्टवेअर येडं असते," तो आल्याआल्या म्हणाला. "सेलूले एका केंद्रात कुकरले मानूस समजत होतं. फोटोबी काढून ठेवला होता त्याचा."

तो स्वतः स्टुलावर बसला. एक चौकट. उठून त्याने छायाला बसवलं. दोन.

"थांबा, कॅमेरा गेला असन."

पिशवीतला नवा कॅमेरा त्याने जोडला. दोन. दिवा बंद केला, शटर अर्धं ओढलं, टेबल हातभर सरकवलं. प्रत्येक वेळी तो बसला की एक आणि छाया बसली की दोन. गप्पा हळूहळू थांबल्या. मग तो पडद्याजवळ वाकून बराच वेळ त्या दुसऱ्या चौकटीकडे पाहत राहिला.

"काय झालं, भाऊ?"

"कॅमेरा चुकते तवा चौकट एका जागी राहत नाई," तो म्हणाला. "येते, जाते, उडते. हे..." त्याने बोट पडद्याजवळ नेलं आणि टेकवायच्या आधी मागे घेतलं. "हे एका जागी हाय. कोनी श्वास घेऊन राह्यल्यासारखी जराशी वर होते, खाली होते. बस."

आतून सखूबाईंनी चहा ठेवल्याचा आवाज आला. धम्मदीप पिशवी आवरू लागला.

"चहा घेऊन जा न."

"पुढच्या खेपेले, वैनी. आर्वीकडं जाचं हाय." शटरपाशी तो थबकला. "मले वाटते, तुमी बसता तवाच येते. तुमाले काही... नाई, काही नाई. सॉफ्टवेअरच असन."

५

त्यानंतर दोन दिवस छाया बरी होती, हे सांगायला हवं. इतकी बरी ती श्रावणापासून नव्हती. गिऱ्हाईक नसलं, की ती पडदा वळवून स्टुलावर बसायची. फॉर्म वगैरे काही नसायचा. नुसता कॅमेरा सुरू करायचा. तिची चौकट आली, की क्षणभरानं मागे दुसरी यायची. मग ती सोयाबीनच्या भावाचं बोलायची, सर्व्हरचं बोलायची, आईंनी जेवणात मीठ नाही म्हणून ताट सरकवलं ते सांगायची. उत्तराची अपेक्षा नसायची. लग्नाच्या इतक्या वर्षांत निम्मं बोलणं असंच, पाठमोरं तर झालं होतं.

पण ती फॉर्म भरणारी बाई होती. बारीक गोष्टी तपासायची हाताला सवय होती, आणि हाताची सवय मनालाही लागते.

पहिली गोष्ट तिला दुपारी सुचली, भाकरी थापताना. प्रभाकरराव उभे राहायचे कापडाच्या मागे. तिथं त्यांचा चेहरा कॅमेऱ्याला कधी दिसलाच नव्हता. आणि ही चौकट येत होती कापडाच्या पुढे.

दुसरी गोष्ट. रस्त्यावरून बस गेली, की शटरमधून वारा आत यायचा आणि धोतर पोटातून फुगायचं. कापड हलायचं. चौकट त्याबरोबर हलायची नाही. म्हणजे जे काही होतं, ते कापडावर नव्हतं. कापड आणि तिची पाठ यांच्यामध्ये होतं.

तिसरी गोष्ट तिने सगळ्यांत शेवटी मान्य केली, कारण ती तिला धंद्यामुळे आधीपासून ठाऊक होती. माणूस लांब असला, की चौकट लहान येते. जवळ आला, की मोठी होते. सोमवारी ती लिंबाएवढी होती. बुधवारी संध्याकाळी ती छायाच्या चेहऱ्याच्या चौकटीहून जेमतेम बोटभर लहान होती.

त्या संध्याकाळी तिने कॅमेरा बंद केला आणि स्टुलावरून न वळता उठली. आत जाताना तिला मागे एकदाच आवाज आला. उंच धरण्याआधी कापड झटकल्यावर येतो तसा. तिने परत येऊन पाहिलं. धोतर दोन्ही खिळ्यांवर जागच्या जागी होतं. बसचा वारा असणार, ती स्वतःशी म्हणाली. स्टँडवरून शेवटची बस गेल्याला मात्र बराच वेळ झाला होता.

६

"मले काऊन नाई सांगितलं?" सखूबाईंनी विचारलं.

गुरुवारी सकाळी अंगणात ऊन खात दोघी बसल्या होत्या. म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती, डोळ्यांनी नाही, बोटांनी. छायाने सगळं सांगून टाकलं होतं.

"तुमाले वाईट वाटलं असतं, आई."

"वाईट काऊन वाटन? माह्या पोटचा हाय." चार दाणे सुपात पडले. "उंची केवढी हाय?"

"समजत नाई. मी बसली की माह्या खांद्याच्या वर येते."

"बोलते?"

"नाई."

"मंग तो नोय," सखूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "माहा पोरगा येवढा वेळ उगामुगा राह्यलाच नसता."

छायाही हसली. पण हसण्यात जे बोललं गेलं, ते दोघींनाही परत घेता येईना.

"उद्या शेवटचा दिवस हाय," छाया म्हणाली. "नाई झालं, त दुकान जाईन."

"सांग मंग त्याले, बाजूले हो म्हनून. आयकन. तुह्यं आयकत होता तो."

"आन् दुसरं कोनी असन, त?"

सखूबाईंची बोटं थांबली. "म्हनून नाव घेऊन सांगजो. ज्याले सांगाचं त्याचं नाव घ्या लागते, बाई. मोघम बोलू नोको."

"नाव कसं घेऊ, आई?"

"कागदावर लिहितं, तसंच."

"लिहिनं येगळं."

"मंग नोको सांगू," म्हातारी म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

७

शुक्रवारी दुपारी सर्व्हर चालू होता. बाहेर कापसाची गाडी उभी होती आणि हमाल कशावरून तरी एकमेकांची थट्टा करत होते. शटर पूर्ण वर होतं, ऊन टेबलापर्यंत आलं होतं. छायाने मुद्दाम हीच वेळ धरली होती. सकाळीच धोतराला पुन्हा कडक इस्त्री केली होती. त्यावर एक रेघ नव्हती.

ती बसली. दोन चौकटी आल्या.

दुसरी आता तिच्या खांद्याला लागून होती आणि तिच्याएवढीच मोठी होती. कापड खिळ्यांवर गेल्यापासून स्टूल भिंतीकडे सरकलं होतं, मध्ये जेमतेम वीतभर जागा. तिथं कुणाला उभं राहता आलं नसतं. तिने मागे पाहिलं नाही. मानेवर गार किंवा गरम, काहीच लागत नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यांत चमत्कारिक वाटलं. इतक्या जवळ कुणी असल्यावर काहीतरी लागायला हवं होतं.

'कृपया इतरांनी बाजूला व्हावे.'

तिने ओठ उघडले. नाव जिभेवर आलं होतं. अक्षर न् अक्षर तिला ठाऊक होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट. ते पुढे सरेना. बाहेर हमाल मोठ्यानं हसले. खाली कोपऱ्यात पडताळणीची मुदत सरत चालली होती.

"जरा बाजूले व्हा," ती म्हणाली. केर काढताना म्हणावं तसं, हळू आवाजात. "आजच्यापुरतं."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक चौकट विझली. तांबडी ओळ पुसली गेली. तिचे डोळे भरून आले. अशा भरल्या डोळ्यांनीच तिने पडद्याकडे नीट पाहिलं.

पडद्यावर ती बसलेली होती. मोकळं कपाळ, कानाजवळचे पांढरे केस, माउसवरचा हात. तिच्या चेहऱ्याभोवती काही नव्हतं.

चौकट खांद्यापाशी होती.

'पापण्या मिटा,' संगणकाने सांगितलं.

छायाने मिटल्या नाहीत. तिला मिटवेनात. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी ती एकटक पाहत राहिली. त्या चौकटीत, सकाळी इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडावर, दोन लहान आडव्या सुरकुत्या पडल्या. अगदी शेजारी शेजारी. पडल्या आणि सुटल्या.

चौकट हिरवी झाली. 'पडताळणी पूर्ण. धन्यवाद.'

"झालं का वो?" आतून सखूबाईंनी विचारलं.

"झालं, आई," छाया म्हणाली.

८

परवाना आला. त्यावर केंद्रचालक म्हणून छायाचं नाव आहे आणि फोटोही तिचाच आहे, डोळे टक्क उघडे असलेला. दुकान वाचलं. देवळीत सगळ्यांना बरं वाटलं. धम्मदीपने फोनवर अभिनंदन केलं आणि सॉफ्टवेअरचं काय निघालं हे विचारलं नाही.

नव्या नियमाने चालकाला रोज सकाळी चेहरा दाखवून यंत्र उघडावं लागतं. पहिल्या दिवशी छाया स्टुलावर बसली, तर यंत्र उघडेना. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती काहीतरी उचलायला सहज उठली आणि मागे यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. तेव्हापासून ती शटर उघडते, पडदा स्टुलाकडे वळवते आणि टेबलाच्या बाजूला उभी राहते. चौकट येते. बसलेल्या माणसाच्या उंचीवर, बरोबर मध्ये. हिरवी झाली, की छाया कामाला लागते. सवय झाली की कशाचंच काही वाटत नाही, असं ती सासूला सांगते.

गिऱ्हाइकांची कामं नीट होतात. पूर्वीपेक्षा लवकर होतात.

परवा बंडूजी आले. कुठल्याशा नव्या योजनेला पुन्हा तोंड दाखवायचं होतं. त्यांनी जुडी टेबलावर ठेवली, चपला काढल्या, धोतराचा सोगा सावरला आणि स्टुलाकडे वळले. अजून दोन पावलं लांबच होते, तोच यंत्राचा नेहमीचा आवाज आला. छायाने पडद्याकडे पाहिलं. 'पडताळणी पूर्ण. धन्यवाद.'

"पाहा!" बंडूजी खूश होऊन म्हणाले. "वळखून राह्यली न मशीन मले. आता बसू कायले? तरी बसतो जरासा, पाय दुखून राह्यले."

ते स्टुलावर टेकायला वाकले.

"बंडूजी," छाया म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा शांत होता. पुढे होऊन तिने त्यांचा दंड घट्ट धरला, म्हाताऱ्याला दुखेल इतका. "तिथं नोका बसू. माह्या खुर्चीवर बसा."